वरचा गणपती

आषाढ सरत आला की माझ्या फोनवर मखरांची चित्रं यायला लागतात. कुणाला मोर हवा असतो, कुणाला कमळ, कुणाला किल्ल्याचा दरवाजा. चित्राखाली लिहिलेलं असतं, ‘दीदी, ऐसा बन जाएगा क्या?’ लिहिणाऱ्यांतली निम्मी मुलं आपल्याच मराठी घरांतली असतात, आडनावावरून कळतं. मी मराठीत उत्तर देते, ती हिंदीत आभार मानतात. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. रायपूरमध्ये आमच्या पिढ्यान् पिढ्या अशाच गेल्या.

बूढापाऱ्यातल्या आमच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत, माझं लेसरचं मशीन आहे. पूर्वी ती बैठकीची खोली होती. आता सोफ्याच्या जागी मशीन, टीव्हीच्या जागी संगणक आणि भिंतीला टेकवलेले एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याचे, पातळ बोर्ड. संगणकावर रेघ काढायची, मशीनला सांगायची आणि बाजूला होऊन बघत राहायचं. किरण स्वतः डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती बोर्डावरून सरकत जाणारी एक लहानशी ठिणगी. तिच्यामागे काळसर रेघ उमटते, धूर उठतो आणि काही वेळानं अख्खं कमळ जाळीवर सुटं होऊन पडतं. सुरुवातीला मला ते बघून फार आनंद व्हायचा. आता होत नाही. कुकरच्या शिट्टीकडे जसं लक्ष असतं, तसं आता त्या ठिणगीकडे असतं.

या दिवसांचा एक वास आहे. बाहेर ओल, तलावाकडून येणारी शेवाळी हवा, आणि आत जळलेल्या लाकडाचा, डिंकाचा आणि सोनेरी रंगाचा एकत्र झालेला कडवट वास. तो केसांना बसतो, पदराला बसतो, पोळ्यांनाही बसतो असं माझे यजमान म्हणतात. हा वास आला की मला दर वर्षी एकच मोसम आठवतो. तेव्हा मशीन, दुसऱ्या कुणाचं वापरलेलं, माझ्याकडे नुकतंच आलं होतं, आणि त्या वर्षी माझ्या जाऊबाई पहिल्यांदा खाली आल्या होत्या.

खाली आल्या, असं म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे. त्या रोजच खाली यायच्या. दूध घ्यायला, भाजी घ्यायला, पाण्याची मोटर लावायला. पण आमच्या दारातून आत यायच्या नाहीत. घर दुमजली, साधं, सिमेंटचं. सासऱ्यांच्या माघारी दोन्ही भावांनी समजुतीनं वाटून घेतलं. वर मोठे दीर आणि जाऊबाई, खाली आम्ही. वर जायला बाहेरून जिना. भांडण असं झालंच नव्हतं. मोठे दीर होते तोवर गणपती वरच बसायचा आणि आम्ही सगळे आरतीला वर जायचो. मग दीर गेले. ते वर्ष दुखवट्यात गेलं. पुढच्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर बिलासपूरच्या काकांचा फोन आला, ‘आता गणपती खाली आणा. वर करणारं कोण आहे?’

माझे यजमान वर गेले आणि पाट, समई, चांदीच्या दूर्वा घेऊन आले. जाऊबाईंनी सगळं घासूनपुसून दिलं. समईत वातसुद्धा घालून दिली. त्या वर्षी आरतीच्या वेळी त्यांना बोलवायला गेले तर म्हणाल्या, ‘गुडघे दुखून राहिले.’ पुढच्या वर्षीही गुडघेच दुखत होते. मग मी बोलवायला जाणं सोडलं. दिवाळीला त्या फराळ द्यायच्या, मी द्यायची. मला ताप आला तर दारातूनच सार देऊन जायच्या. अबोला म्हणावा असा तो नव्हता. गणपतीचे दहा दिवस फक्त वरचं दार लोटलेलं असायचं.

त्यांचं नाव सुलभा. मी त्यांना ताई म्हणते.

मशीन आलं आणि त्याच्या धुराचा पाइप मी मागच्या खिडकीतून बाहेर काढला. तो नेमका ताईंच्या गॅलरीखाली निघाला. श्रावणातली एक दुपार होती. माझ्याकडे धनेश्वरी नावाची बाई रंगकामाला येते. तेव्हाही तीच होती. ती कमळांना गुलाबी रंग देत होती, मी मशीनपाशी उभी होते, आणि दारात ताई येऊन उभ्या राहिल्या. हातात दोरीवरून ओढून आणलेला टॉवेल.

‘याचा वास घेऊन पाह्य,’ म्हणाल्या. ‘सगळा धूर माझ्या गॅलरीत येऊन राहिला. कपडे काय, देवाचं सोवळंबी वास मारून राहिलं.’

मी टॉवेल नाकाला लावला. वास येत होताच. ‘प्लंबरला सांगितलं आहे ताई. पाइप गच्चीपर्यंत वर नेतो म्हणाला. आज-उद्या येईल.’

‘म्हणजे परवा.’

‘परवा,’ मी कबूल केलं.

त्या परत जायला वळल्या आणि थांबल्या. टेबलावर कापलेल्या तुकड्यांचा ढीग होता. बोर्डावर धुराचे डाग पडू नयेत म्हणून कापण्याआधी त्यावर कागदी पट्टी चिकटवतात. कापून झाल्यावर ती प्रत्येक तुकड्यावरून सोलून काढावी लागते. या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम तेच. नक्षी जितकी बारीक तितके कागदाचे कपटे बारीक.

‘हे काय आहे?’

‘कागद काढायचा आहे त्यावरचा.’

ताईंनी एक कमळ उचललं, नखानं कागद उचकटून पाहिला, जमलं नाही. मग अंबाड्यातला आकडा काढला, त्याच्या टोकानं कोपरा उचलला आणि पट्टी सर्रकन ओढली. कागद निघून आला, खालचं लाकूड स्वच्छ. त्यांनी दुसरं उचललं. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्ची ओढली.

‘बडे दीदी, बइठव ना,’ धनेश्वरी म्हणाली, तोवर त्या बसलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी आल्या. मग रोजच यायला लागल्या. जेवणं झाली की जिन्यावर चपलांचा आवाज व्हायचा. मी त्यांना कधी ‘या’ म्हटलं नाही, त्यांनीही कधी ‘येऊ का’ विचारलं नाही. प्लंबर येऊन पाइप वर नेऊन गेला तरी त्या येत राहिल्या. मशीन चालू असलं की बोलणं ऐकू येत नाही, हे आम्हा दोघींच्या सोयीचं होतं. पंख्याची घरघर, मशीनचं पाणी थंड करणाऱ्या पेटीचा गुळगुळ आवाज, बाहेर स्कूटरवाल्यांचे हॉर्न, आणि मध्येच कागद सोलल्याचा सर्र आवाज. तो श्रावण म्हटलं की मला ऐकू येतं ते हे. आमचं एकही वाक्य नाही.

त्या दिवसांत मी सॅटिनच्या पट्ट्या, लेस, मोती आणायला पंडरीच्या बाजारात जायची. भिजत परत यायची. पिशवीतली लेस ताई उजेडात धरून बघायच्या आणि काही न बोलता बाजूला ठेवायच्या. म्हणजे पसंत नाही. पसंत पडली तर बोटाला गुंडाळून बघायच्या. हळूहळू मी लेस निवडताना ते बोट डोळ्यांसमोर आणायला लागले. माणसाशी जुळणं म्हणतात ते हेच असेल तर असेल. मला त्या वेळी तसं काही वाटलं नव्हतं. मला मदत मिळत होती आणि काम खूप होतं.

ओलीमुळे बोर्ड वाकायचे. वाकलेला बोर्ड मशीनखाली नीट कापला जात नाही. एका टोकाला आरपार, दुसऱ्या टोकाला नुसता ओरखडा. मी बोर्ड पलंगाखाली गाद्यांच्या भारानं दाबून ठेवायची. असाच एक बोर्ड ओढून काढत होते, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘मले एक मखर पाहिजे.’

मला वाटलं त्यांच्या लेकीसाठी. लेक नागपूरला दिलेली. ‘माधुरीकडे पाठवायचं आहे का?’

‘माधुरीकडे काहून? माझ्याकडे.’

मी बोर्ड तसाच धरून उभी राहिले.

‘मी गणपती बसवून राहिली यंदा,’ त्या म्हणाल्या. ‘वर. आकडा कुठं गेला माझा?’ आकडा त्यांच्या हातातच होता.

‘पूजा कोण सांगणार?’

‘कोणी सांगो न सांगो. मले येते वाचता.’ मग कागद सोलता सोलता, माझ्याकडे न बघता बोलल्या. ‘इतकी वर्षं वर गणपती बसला, मले त्याचं तोंड कधी नीट दिसलं नाही. पूजा सुरू झाली का मी आत. मोदक तळता तळता आरती होऊन जाय. मग पाहुणे, मग पंगत. सगळं आवरून समोर जाऊन बसावं तं डोळे मिटायचे झोपेनं. खाली नेला तेव्हा मले वाटलं, जाऊ द्या, सुटली. पण नाही सुटली. मले एकडाव त्याच्यासमोर बसून त्याले पाहायचं आहे.’

धनेश्वरी ब्रश थांबवून ऐकत होती. तिला मराठी बरंच समजतं. ‘हव बडे दीदी,’ ती म्हणाली, ‘बइठार लव.’ बसवून टाका. एवढंच.

मखर कसं हवं हे ताईंच्या डोक्यात पक्कं होतं. मोर नको, कमानी नको. उंच नको, कारण त्या खुर्चीवर बसणार आणि खुर्चीतून मूर्ती दिसली पाहिजे. आणि वर धानाच्या लोंब्या. दिवाळीला इकडे बाजारात धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर मिळते. लोक ती दाराला बांधतात, चिमण्या येऊन दाणे खातात. ताई दर दिवाळीला ती गॅलरीत टांगायच्या. तशी झालर त्यांना लाकडात हवी होती, मूर्तीच्या डोक्यावर झुकलेली.

मी संगणकावर लोंबी काढली. ताई शेजारी बसून बघत होत्या. ‘एवढी सरळ नसते. दाणा भरला का वाकते ते.’ मी वाकवली. ‘आता जास्त वाकली. हे तं पडून राहिली.’ मी सरळ केली. मला वाटतं त्या आठवड्यात आम्ही जितकं बोललो तितकं लग्न होऊन या घरात आल्यापासून बोललो नव्हतो, आणि सगळं बोलणं लोंबीबद्दल होतं. दाण्यांच्या टोकाची कुसळं मात्र जमेनात. केसासारखी बारीक रेघ मशीन कापायला जातं आणि जाळूनच टाकतं. लोंब्या बोडक्या निघायच्या. शेवटी मी कुसळं कापायची सोडली आणि नुसती कोरायची ठरवली. ताईंनी नमुन्याचा तुकडा उजेडात धरला, बोटानं चाचपला आणि बाजूला ठेवला नाही.

त्या शनिवारी माझे यजमान घरी आले. ते तेव्हा जगदलपूरच्या बँकेत होते आणि शनिवार-रविवारी यायचे. चहा पिता पिता मी त्यांना सांगितलं.

‘एका घरात दोन गणपती?’ ते म्हणाले. ‘असं असते का कुठं?’

‘काहून नसते?’

‘अगं, घराण्याचा गणपती एकच असतो. काकाले काय सांगू मी?’

‘विजेचं मीटर दोन आहे. नळ दोन आहे. घरपट्टी दोघांची वेगळी येते,’ मी म्हटलं. ‘गणपतीच एक काहून पाहिजे?’

त्यांनी कप खाली ठेवला. ते रागावले नव्हते, दुखावल्यासारखे दिसत होते. ‘वहिनी मले बोलल्या असत्या तं मी काय नाही म्हणलो असतो? खालचा गणपती त्यांचाच आहे ना.’

‘त्यांचा आहे हे त्यांना कोणी सांगितलं कधी?’

संध्याकाळी ते जिन्यापर्यंत गेले, कठड्याला हात लावून जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. रविवारी रात्रीच्या बसनं निघून गेले. काकांना त्यांनी काय सांगितलं, सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही. अजूनही मला माहीत नाही.

पोळा झाला आणि धनेश्वरी तीजासाठी, म्हणजे आपल्या हरतालिकेसाठी, माहेरी गेली. इकडच्या बायका तीजाला माहेरी जातातच. त्यांना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. कामाचा डोंगर आणि माणसं आम्ही दोघी. ताई रंगही देऊ लागल्या. त्यांचा हात जड होता, पाकळीबाहेर रंग जायचा. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही.

आणि त्याच आठवड्यात मशीनची काचेची नळी, जिच्यातून किरण निघतो ती, दम सोडायला लागली. आधी एका फेरीत कापलं जायचं ते दोन फेऱ्यांत होईना. कडा काळ्याकुट्ट यायला लागल्या. मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मैडम, ट्यूब का टाइम पूरा हो गया. नई आने में त्योहार निकल जाएगा. जितनी चल रही है, चला लो.’

जितकी चालेल तितकी म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तेलीबांध्याच्या एका मोठ्या सोसायटीचं मखर बाकी होतं, पुढचा सगळा भाग कापायचा होता. शिवाय दोन-चार घरगुती. आणि ताईंचं. ताईंच्या मखराचा मागचा भाग आणि खांब कापून तयार होते. लोंब्यांची झालर तेवढी राहिली होती.

मी सोसायटीचं काम आधी घेतलं. ते कबूल केलेलं काम होतं. त्यांचे लोक मंडप बांधून वाट बघत होते, आणि माझा धंदा नवा होता. आजही तसाच पेच आला तर मी तेच करीन. मी ताईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि सोसायटीच्या मखराचे कागद सोलायला घेतले. मोठमोठे कागद, लांबच लांब सोलून निघणारे. शेवटची घरगुती मखरं कापून झाली. मग मी ताईंच्या झालरीचा बोर्ड मशीनमध्ये ठेवला. ठिणगी उठली, थोडी सरकली आणि विझली. मशीनचं डोकं मात्र काही न कापता, मुकाट्यानं, रेघेरेघेवरून फिरत राहिलं. कोऱ्या बोर्डावर त्यानं अख्खी झालर पूर्ण केली आणि शहाण्यासारखं आपल्या जागेवर जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

‘झालं का?’ ताईंनी विचारलं.

‘गेली ताई नळी. आता नाही होणार.’

त्यांनी कोऱ्या बोर्डावर हात फिरवला. त्या उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. मी खोली झाडायला घेतली. थोड्या वेळानं परत चपला वाजल्या. ताईंच्या हातात गेल्या दिवाळीची झालर होती, गॅलरीतली. दाणे केव्हाच संपलेले, नुसत्या फोलपटांच्या लोंब्या, उन्हानं फिक्या पडलेल्या, पण वीण जशीच्या तशी.

‘हेच बांधू,’ म्हणाल्या.

‘ताई, चिमण्यांनी खाल्लेली आहे. उष्टी झालर देवाला?’

‘चिमण्यांचं काय उष्टं?’ त्या म्हणाल्या. ‘सुतळी दे.’

आम्ही ती पाण्याचा हात लावून पुसली आणि खांबांना बांधली. दाणे नसल्यामुळे ती हलकी झाली होती. पंख्याच्या वाऱ्यानं सळसळायची आणि कुसळं उजेडात चमकायची. तीच कुसळं, जी मला काही केल्या कापता आली नव्हती. मखर चांगलं दिसत होतं. मी आजवर केलेल्या मखरांत सगळ्यात चांगलं, असं म्हणायचा मोह होतो. पण मी ते केलं नव्हतं. मी फक्त दोन खांब आणि पाठ कापली होती.

मूर्ती ताईंनी स्वतः आणली. कुंभारांच्या पाऱ्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, जाऊन, ई-रिक्षात मांडीवर घेऊन. लहानशी, मातीची, सोंडेपाशी रंग जरा सांडलेली. ‘दुसरी घेतली असती,’ मी म्हटलं. ‘हेच पाहून राहिली होती माझ्याकडे,’ त्या म्हणाल्या.

चतुर्थीला खाली गुरुजी आले, यजमान पूजेला बसले. मी आत मोदक तळत होते. कढईत मोदक फुगत होते, बाहेर मंत्र चालले होते. आणि वरून, जिन्याच्या बाजूनं, दुसऱ्या घंटेचा आवाज येत होता. आमच्या घंटेशी त्याचा ताल जुळत नव्हता. ही वाजायची थांबली की ती वाजायची. बाहेर आरती सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि मला एकदम दिसलं की मी आत आहे. कढईसमोर, तेलाच्या हातानं, पाठमोरी. मी गॅस बंद केला, हात धुतले आणि बाहेर जाऊन समोर उभी राहिले. यजमानांनी माझ्याकडे बघितलं, आरती म्हणता म्हणताच जरासे बाजूला सरकले. नैवेद्याला उशीर झाला. गुरुजींना पुढच्या घरी जायची घाई होती, ते थोडे कुरकुरले. एवढंच झालं.

मग मी वर गेले. हातात मोदकांचं ताट होतं, मागून यजमान होते. ताईंच्या दाराला कडी लावलेली नव्हती. आत समई तेवत होती, मखर भिंतीशी होतं, आणि समोर खुर्चीवर ताई बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. निरांजन तयार होतं, पण पेटवलेलं नव्हतं.

‘आरती झाली का वहिनी?’ यजमानांनी दारातूनच विचारलं.

‘नाही अजून,’ ताई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. ‘या. मी पाहूनच राहिली.’

आम्ही आत जाऊन सतरंजीवर बसलो. झालर हलत होती. बऱ्याच वेळानं ताई उठल्या आणि त्यांनी निरांजन लावलं. आरती त्यांनी म्हटली. यजमान नुसत्या टाळ्या वाजवत होते. घरात आरती सांगायची सवय त्यांची, तरी एकदाही त्यांनी मध्ये सूर लावला नाही.

त्यानंतर सगळं बदललं असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ताई खालच्या आरतीला आजही येत नाहीत. दर वर्षी दोन गणपती बसतात, दोन घंटा वाजतात आणि आजही त्यांचा ताल जुळत नाही. बिलासपूरच्या काकांनी एकदा येऊन बघितलं, खाली जेवले, वर नमस्कार करून आले आणि काही म्हणाले नाहीत. मशीनला नवी नळी आली, मग आणखी एक आली. आता मला कुसळंसुद्धा कापता येतात. ताई अजूनही दुपारी खाली येतात. नजर अधू झाली आहे, पण कागद सोलायला नजर फारशी लागत नाही. लोंब्यांचं लाकडी मखर करून देऊ का, असं मी त्यांना एक-दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, चिमण्या बेकार होतील. हसत म्हणाल्या की खरंच, ते कळलं नाही.

त्या वर्षीचं विसर्जन तेवढं सांगायचं राहिलं.

आमच्या घरात बायका विसर्जनाला जात नसत. पुरुष जायचे, आम्ही दारातून हात जोडायचो. त्या वर्षी ताई आपला गणपती पाटावर घेऊन जिना उतरल्या आणि सरळ ऑटोत जाऊन बसल्या. मग मीही बसले. यजमान आमचा गणपती घेऊन पुढे, ड्रायव्हरशेजारी. बारीक पाऊस होता. खारून नदीवर महादेव घाटापाशी विसर्जनासाठी बांधलेल्या कुंडावर गर्दी होती, पण रांग सरकत होती. कुंडात उतरलेल्या तरुणानं हात पुढे केले. ‘माताजी, एक ही घर के हैं क्या? दोनों साथ में दे दो.’

‘नहीं भैया,’ ताई म्हणाल्या. ‘अलग-अलग घर के हैं.’ मग यजमानांना म्हणाल्या, ‘भाऊजी, आधी तुमचा जाऊ द्या. माझ्याले घाई नाही.’

आमचा गेला. मग त्यांचा गेला. पाण्यात थोडा वेळ गुलाल तरंगला.

परत येताना घाटाच्या वरच्या अंगाला ठेले लागले होते. भजी, भुट्टे, गुपचुप, म्हणजे इकडची पाणीपुरी. यजमान एकदम थांबले. ‘दादा दर वर्षी विसर्जनाहून येताना इथून गुपचुप बांधून न्यायचा,’ ते म्हणाले. ‘मी म्हणायचो, अरे घरी जेवण तयार आहे. ऐकायचा नाही. लई आवडायचे त्याले.’ दादांबद्दल ते फारसं कधी बोलत नाहीत.

ताईंनी रिकामा पाट काखेत नीट धरला.

‘त्यांनी एकबी कधी खाल्लं नाही, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांले चालतच नव्हतं तिखट. सगळे आत आवराआवरी करून राहायचे, आणि ते मोरीपाशी येऊन मले पुडा देऊन जायचे. मले आवडतात.’

यजमान त्यांच्याकडे बघत राहिले. पाऊस चष्म्यावर पडत होता, त्यांनी तो पुसला नाही. मग ते ठेल्याकडे वळले आणि म्हणाले, ‘भैया, तीन दोने लगाओ.’

आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो, काखेत रिकामे पाट, पायाशी चिखल. ठेलेवाला एकेक गुपचुप फोडून, भरून, पाण्यात बुडवून हातातल्या पानाच्या दोन्यात ठेवत होता. ताईंनी पहिलं तोंडात टाकलं, डोळे मिटून संपवलं आणि दोना पुढे केला.

‘भैया,’ त्या म्हणाल्या, ‘थोडा और तीखा.’